उजव्या दारातला स्पीकर

विद्युत मंडल हा धडा मी इतक्या वेळा शिकवला होता की आकृती काढताना फळ्याकडे बघायचीही गरज पडायची नाही. बॅटरी, कळ, दिवा आणि दोन तारा. दिवा लागला की धडा संपला. बाई, तुम्ही खरी वायर कधी हातात धरली आहे का, असं वर्गातल्या एकाही मुलाने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं, कारण उत्तर ‘नाही’ असं होतं.

हे पितळ उघडं पडलं ते मामंजींच्या पिकअपमुळे. मामंजी म्हणजे माझे सासरे. मी कोल्हापूर शहरातल्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन कळंब्याजवळच्या शेतकरी घरात आले, आणि नोकरी शहरातल्या शाळेतच चालू ठेवली. मामंजी तरुणपणी तालमीत होते. त्यांचा उजवा कान कुस्तीत मोडून वळकटीसारखा झाला होता. आमच्या भागात मोडलेला कान म्हणजे पदकच. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला दागिने दाखवायच्या आधी आपल्या नवऱ्याचा कान दाखवला होता. पाहुणे आले की ‘दाखवा की जरा’ म्हणायचे, आणि मामंजी फेटा सरकवून मान वळवायचे.

आता त्यांची साठी उलटली होती. पहाटे उठून ते पिकअप घेऊन गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांतून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि डेअरीत पोचवायचे. परत येऊन भाकरी खायची, मग म्हशींसाठी पेंड आणायला बाजारात जायचं. त्या खेपेत ते मला शाळेत सोडत. ते उजवीकडे स्टेअरिंगवर, मी डावीकडे. घरापासून शाळेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. गावातली भांडणं, शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल, सगळं. घरात सून आणि सासरा एवढं बोलत नसत. गाडीत आम्हाला कुणी बघायला नव्हतं.

हल्ली मात्र त्यांची एक तक्रार वाढली होती. “ट्रकवाली लई माजल्यात. हॉर्न न देता मागनं येत्यात आनि अंगावरनं जात्यात.” ते ऐकलं की ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, संधीच मिळायची. हे साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. बाबांनी आता गाडी सोडावी, ड्रायव्हर ठेवू, हा त्यांचा धोशा. मामंजी ताट बाजूला सारून म्हणायचे, “गाडी काडून घ्या, आनि मला गोठ्यात म्हशीशेजारी बांदा. वैरन टाकत जावा दोन येळची.” मग चार दिवस त्या विषयाला कुणी हात लावत नसे.

पिकअपमध्ये कंपनीने बसवून दिलेला रेडिओ होता. डॅशबोर्डच्या मधोमध जाळी, आणि जाळीमागे एकच स्पीकर. तो बारीक बोलतो असं मामंजींचं म्हणणं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं असायचं आणि मला गप्पा मारायला ओरडावं लागायचं. माझे धाकटे दीर मस्कतला होते. त्या दिवाळीत ते आले तेव्हा त्यांनी बाबांसाठी नवा कॅसेट प्लेअर आणला. बरोबर ताटलीएवढे दोन स्पीकर. एक डाव्या दारात बसवायचा, एक उजव्या. खोका ठेवून दीर चार दिवसांत परत गेले.

“लक्ष्मीपुरीतल्या रेडिओवाल्याकडे नेऊ या,” ह्यांनी म्हटलं. त्यावर मामंजी उखडले. “घरात शास्त्राची बाई आसताना परक्याच्या दारात जायाचं? मी डेअरीत सांगून बसलोय, आमची सून बसवनार म्हनून!”

झालं. डेअरीत सांगितलं म्हणजे अर्ध्या तालुक्याला सांगितलं. मला पण फुशारकी आली. सुट्टीच होती. साडीचा पदर खोचून मी गाडीत शिरले.

पहिल्या दिवशी मी कंपनीचा रेडिओ काढला आणि तिथेच अडकले. स्पीकरकडे एकच वायर जात होती. दुसरी वायर कुठे? मंडल पूर्ण व्हायला दोन लागतात. मी डॅशबोर्डखाली आडवी पडून, टॉर्च दातांत धरून, दुपारपर्यंत ती दुसरी वायर शोधली. सासूबाई चिवडा घेऊन आल्या. “काय हरवलंय गं?” “वायर.” त्यांनी माझ्याबरोबर दोन मिनिटं सीटखाली शोधली आणि चिवडा ठेवून गेल्या. शेवटी मामंजी म्हशींना पाणी पाजून आले आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “पत्रा हाय की.”

“काय?”

“आख्खी गाडीच दुसरी वायर हाय. बॅटरीचं एक टोक चासीच्या पत्र्याला बांदल्यालं अस्तंय. तुमच्या शाळंत शिकवत न्हाईत व्हय?”

शाळेत शिकवत नाहीत, आणि मी तर मुळीच शिकवलं नव्हतं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने ते मला हसत सांगितलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग मी नको तितकी शहाणी झाले. गाडीचा पत्राच वायर आहे ना, तर नव्या स्पीकरांची एक एक तार मी पत्र्याला बांधून टाकली. कळ दाबली, खट् आवाज आला आणि फ्यूज गेला. दुसरा फ्यूज टाकला, तोही गेला. रागाने माहितीपत्रक उघडलं. स्पीकरची कुठलीही तार गाडीच्या पत्र्याला लावू नका, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. ते चौथ्या पानावर होतं, आणि मी तिसऱ्या पानापर्यंतच वाचलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याचा उद्धार केला असता.

दारांच्या आतल्या बाजूच्या पुठ्ठ्यावर सासूबाईंच्या चटणीच्या डब्याचं झाकण ठेवून मी गोल आखले आणि हॅक्सॉच्या पात्याने कापले. डावा बरा आला. उजवा भोपळ्यासारखा झाला. स्पीकर बसवले, वायरी बिजागरीजवळून दारात नेल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गावच्या भजनी मंडळाची टेप लावली. पेटी, टाळ, सगळं खणखणीत. सासूबाई दारातूनच कानांवर हात ठेवून ओरडल्या, “बास कर!” मला इतका आनंद झाला की मी गाडीभोवती एक फेरी मारली.

मामंजी फेटा बांधून, समारंभाला जावं तसे स्टेअरिंगवर बसले. दार ओढून घेतलं. मी डावीकडे. थोडा वेळ ऐकून त्यांनी मान हलवली.

“हा उजवा मुका हाय.”

मी उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि स्पीकरला कान लावला. उत्तम वाजत होता. “वाजतोय की!” दार लावून मी पुन्हा डावीकडे बसले. “न्हाय. सगळं तुझ्याच बाजूनं येतंय.”

मी विचार केला. दार उघडं असताना वाजतो, लावल्यावर बंद. म्हणजे दार लावताना बिजागरीत वायर दबते आणि तुटते. अगदी शास्त्रशुद्ध निष्कर्ष. दोन दिवस मी त्या बिजागरीशी झगडले. वायर बदलली, लांब ठेवली, रबरी नळीतून घातली. मामंजी बसायचे, दार लावायचे आणि म्हणायचे, “मुका.” मग मी दोन स्पीकरांची अदलाबदल केली. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. आता दोष स्पीकरात असेल तर तो डावीकडे यायला हवा होता.

“उजवाच मुका हाय,” मामंजी म्हणाले.

माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं. मी स्वतः डावीकडे बसून ऐकायची तेव्हा मला दोन्ही वाजल्यासारखे वाटत. पण माझा स्पीकर माझ्या कोपराशी होता, मग दुसऱ्याचं काय खरं? ते माझी चेष्टा करतात की काय अशीही शंका आली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती. उलट ते ओशाळले होते. डेअरीतले लोक रोज विचारत होते, आणि त्यांना खोटं बोलावं लागत होतं. “जाऊ दे पोरी,” ते म्हणाले, “एकावर बी भागतंय.” ते ‘जाऊ दे’ मला जास्त झोंबलं.

शेवटी चोरून, पेंड आणायच्या निमित्ताने मी गाडी लक्ष्मीपुरीत थांबवायला लावली. मामंजी दुकानात पेंड घेत होते तेवढ्यात रेडिओवाल्याला बोलावून आणला. तो गाडीत बसला, दोन्ही दारं लावली, बटणं फिरवली. “बाई, दोन्ही फस्क्लास वाजत्यात. कुनी बसवलं?” मी म्हटलं, मी. “मग प्रॉब्लेम काय हाय?” प्रॉब्लेम काय आहे हे मला सांगता येईना. तो माझ्याकडे थोडं संशयाने बघत निघून गेला. परतताना मामंजी काहीतरी बोलत होते. मी फक्त हुंकार देत होते. वस्तू ठीक आहे, वायर ठीक आहे, मीही ठीक आहे, आणि तरी उजवा मुका. असं कसं होईल?

सहाव्या दिवशी मी शेवटचा उपाय केला. डाव्या दारातल्या स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवून त्यांना चिकटपट्टी गुंडाळली. आता गाडीत एकच स्पीकर जिवंत होता, उजवा. मामंजींना बसवलं, दोन्ही दारं लावली, टेप सुरू केली. टाळ-पेटीचा आवाज सरळ पलीकडच्या दारातून येत होता, त्यात मला काडीची शंका नव्हती.

“आता कुठून येतोय?”

“जरा बारीक झालाय,” मामंजी म्हणाले. “पन तुझ्याच दारातनं येतोय.”

मी त्यांना सोडवलेल्या तारा दाखवल्या. “मामंजी, हा बंद आहे. ह्याला वायरच नाही.”

“मस्करी करतीस व्हय?”

“तुमच्या दारावर हात ठेवा.”

त्यांनी चिडूनच उजवा पंजा जाळीवर ठेवला. तो हात तसाच राहिला. जाळीखाली स्पीकर थरथरत होता, पेटीच्या खालच्या सुरांना जास्तच. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. डोकं खाली नेऊन तो मोडका कान जाळीला अगदी टेकवला आणि तसेच बसून राहिले. मी त्यांचा पाठमोरा फेटा बघत होते. इतकी वर्षं त्या कानाचं कौतुक करताना तो ऐकू येण्यासाठी असतो हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही. कानाची रचना मी आठवीला शिकवायची.

त्यांनी टेप बंद केली. “झकास बसवलंयस,” ते म्हणाले. “जा, च्या ठेव.” मी हलले नाही, तेव्हा समोर बघतच म्हणाले, “पोरास्नी सांगू नगंस.”

पुढचे दोन दिवस मी नुसती गोंधळात होते. सांगितलं तर हे त्याच संध्याकाळी ड्रायव्हर बघतील. न सांगितलं तर? आपल्याकडे मागची गाडी उजवीकडूनच पुढे जाते. माजलेले ट्रकवाले हॉर्न देत असणारच, सगळे. एक कान चांगला असला की आवाज कळतो, पण तो कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला संताप येत होता. सकाळी पिकअप फाटकातून बाहेर पडली की ती परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे. मी भाजीत दोनदा मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, “ते बाजं वाजतंय न्हवं आता? मग तुला काय झालंय?”

तिसऱ्या दिवशी मामंजी स्वतःच म्हणाले, “चल, तळ्यावर जाऊ. तुझं शास्त्र घिऊन चल.”

कळंब्याच्या तळ्याच्या बांधावर दुपारी कुणी नव्हतं. ते पायजमा सावरून मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटले. “टाळी वाजव. कुटनं आली ते मी सांगतो. दहा येळा. आनि खरं मार्क द्यायाचं.” म्हणजे दोन दिवस त्यांच्याही डोक्यात हेच चाललं होतं.

मी चपला काढून ठेवल्या, पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून. कधी डाव्या बाजूला गेले, कधी उजव्या. टाळी वाजवली की ते लगेच, अगदी खात्रीने, बोट दाखवत. डावीकडे. पुन्हा डावीकडे. मी त्यांच्या उजव्या खांद्यापासून दोन हातांवर उभी राहून टाळी वाजवली, आणि त्यांनी डावीकडे, पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे बगळ्याशिवाय कुणी नव्हतं. बोट दाखवताना ते जरासे हसत होते, उत्तर येणारा मुलगा हसतो तसे. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“किती?” डोळे उघडून त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं फार सोपं होतं. नऊ म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. “पाच,” मी म्हटलं.

“पस्तिसाला पास करता की तुमी.”

“पाचही डावीकडच्या,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वळून गाडीकडे चालू लागले. घराजवळ आल्यावर इंजिन बंद करून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. “नवऱ्याला दे. आनि कान बिन काय सांगू नगंस. म्हनावं, कटाळा आला.”

मी ती ह्यांना दिली आणि कानाचंही सांगितलं. तेवढं ऐकलं नाही मामंजींचं. ह्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, कुस्तीचा दोष नाही, आतली नसच गेली आहे, हळूहळू, बरीच वर्षं. मामंजींनी विचारलं, “म्हंजे कुस्तीनं न्हाय?” डॉक्टर नाही म्हणाले. मामंजींना ते फारसं आवडलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा पिकअपवर तिशीतला एक ड्रायव्हर आला होता. पहिल्या दिवशी शाळेत जायला निघाले तर मामंजी फेटा बांधून तयार. “पेंड त्याला कळत न्हाय,” असं म्हणून ते डावीकडे खिडकीशी बसले. मी मध्ये, ड्रायव्हर उजवीकडे. मला इतकं बरं वाटलं की गाडी सुटताच मी हेडमास्तरांचं सुरू केलं. सुट्टीत घरी येऊन ते काय म्हणाले, मी काय उत्तर दिलं, सगळं रंगवून. ड्रायव्हर खदखदून हसला. मामंजी खिडकीबाहेर बघत होते. मी आणखी मोठ्याने सांगितलं. ते वळून माझ्याकडे बघून हसले, पण चुकीच्या जागी, आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते.

त्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. स्टेअरिंगवर असताना त्यांचा चांगला कान माझ्याकडे असायचा, म्हणून तर मला इतकी वर्षं काही कळलं नाही. आम्ही त्यांची गाडी काढून घेतली एवढंच मी धरून चालले होते. गप्पाही काढून घेतल्या होत्या, आणि ते मला सांगणार नव्हते. उद्या पेंडीचं निमित्तही सांगणार नव्हते, घरीच बसणार होते.

“थांबवा गाडी,” मी ड्रायव्हरला म्हटलं. गाडी बाजूला लागली. मी मामंजींचा दंड धरून त्यांना खाली उतरवलं, माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, “तुम्ही मध्ये बसा. मी खिडकीशी बसते.”

“मी मधी?” ते रस्त्यातच उभे राहिले. मागून डेअरीची एक गाडी येत होती, तिच्यातल्या माणसाने त्यांना हात केला. “मधी बारकी पोरं बसत्यात.”

मी दार धरून ठेवलं. थोडा वेळ त्यांनी फेटा नीट केला. मग आत चढून मध्ये सरकले. एवढा मोठा देह, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे घेऊन बसला. ड्रायव्हर संकोचून म्हणाला, “मालक, पाय घ्या जरा.” त्यांनी गुडघा बाजूला घेतला. गिअर पडला. पुन्हा, “पाय घ्या जरा.” पुन्हा घेतला. तालमीत ज्यांचा पाय चार जणांना हलवता आला नव्हता असं लोक सांगायचे, ते मामंजी प्रत्येक गिअरला पाय आखडून घेत होते. मान मात्र त्यांनी माझ्याकडे कलती केली होती.

“हां,” ते म्हणाले. “काय म्हनाला म्हनं तुमचा हेडमास्तर?”

 मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. काय सांगितलं ते मला आता आठवत नाही. शाळा येईपर्यंत मी बोलत राहिले.